चुलीत जळण घालण्याची शास्त्रीय रीत

ग्रामीण भागातील स्वयंपाकाचे चित्र गेल्या काही वर्षांत पालटले आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला. तथापि, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के इतकेच होते. गॅस असलेल्या अनेक घरांतही अंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी चूल पेटतेच. घरगुती धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या धुराची सर्वाधिक झळ चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीला आणि तिच्याजवळच्या लहान मुलांना लागते. म्हणून जोवर चूल पेटते आहे, तोवर ती कमी धुराची कशी होईल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सुधारणेचे प्रयत्न

चुलीच्या सुधारणेचा विचार आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून प्रसृत झालेली मगन चूल सर्वपरिचित आहे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर चुलीविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९८३ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. २००२ साली तो कार्यक्रम केंद्राने थांबविला. या सर्व प्रयत्नांतून एक धडा मिळतो. चुलीची रचना कितीही उत्तम असली, तरी तिच्यात जळण कसे घातले जाते यावर धुराचे प्रमाण फार मोठ्या अंशाने अवलंबून असते.

धूर का होतो ?

लाकूड जळते म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. तापू लागल्यावर लाकडातील पाणी आधी वाफ होऊन जाते. त्यानंतर लाकडातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूप होतो आणि उरलेल्याचा कोळसा बनतो. हे वायू पुरेशा उष्णतेत हवेशी मिसळले, की त्यांचीच ज्वाला होते. ज्वाला नसेल किंवा हवा अपुरी असेल, तर तेच वायू न जळता बाहेर पडतात आणि त्यांनाच आपण धूर म्हणतो. तात्पर्य, धूर म्हणजे वाया गेलेले जळणच होय.

चुलीत नवे जळण घालण्याचा क्षण या दृष्टीने नाजूक असतो. जाळ मंदावल्यावर निखाऱ्यांवर एकदम चार-पाच जाड लाकडे कोंबली, तर खालच्या धगीने ती तापतात, वायू सोडू लागतात. परंतु ते पेटवणारी ज्वाला वर नसते आणि चुलीचे तोंड बंद झाल्याने हवाही आत जात नाही. मग चूल धुमसते आणि फुंकणी हाती घ्यावी लागते.

ओल्या सरपणाने ही अडचण दुणावते. शेकडा ३० भाग पाणी असलेले १० किलो सरपण आणले, तर त्यात ३ किलो पाणीच असते. त्याची वाफ करण्यास एकूण उष्णतेचा थोडाच भाग लागतो. परंतु त्यामुळे चुलीतील तापमान उतरते, ज्वाला टिकत नाही आणि खरे नुकसान तेथे होते.

साध्या चुलीसाठी

१. सरपण आधी वाळवून, शक्यतो अंगठ्याएवढ्या जाडीचे फोडून ठेवावे. तुराट्या व पऱ्हाट्या लवकर जळून जातात. म्हणून त्या थोड्या थोड्या, पण वारंवार घालाव्यात.

२. ज्वाला जिवंत असतानाच नवे जळण घालावे. ती विझली असल्यास आधी निखारे फुलवून, बारीक काटक्यांनी जाळ करून मगच लाकूड सारावे.

३. एका वेळी दोन-तीन लाकडेच घालावीत. त्यांची टोके जाळात असावीत व टोके जळतील तसतशी ती आत सारावीत.

४. चुलीचे तोंड जळणाने भरू देऊ नये. हवेला वाट ठेवावी. साचलेली राख वेळोवेळी ओढून काढावी.

वरून पेटविण्याच्या शेगडीसाठी

ढलप्या किंवा भुशाच्या गोळ्या भरून वरून पेटविण्याच्या लहान शेगड्यांची रीत वेगळी आहे. त्यांत आच वरून खाली सरकते, खालच्या जळणातून वायू निघतो आणि वरच्या छिद्रांतून येणाऱ्या हवेत तो स्वच्छ जळतो. जळण संपल्यावर तळाशी कोळसा राहतो. या तप्त कोळशावर नवे जळण ओतल्यास सर्व क्रम उलटतो. सगळे जळण खालून एकदम तापते आणि धुराचा लोट उठतो. म्हणून एका स्वयंपाकास पुरेल इतके जळण आधीच मोजून, वरच्या छिद्रांच्या खालपर्यंत भरावे. पुन्हा जाळ हवा असल्यास कोळसा चिमट्याने व सांभाळून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावा, शेगडी नव्याने भरावी आणि वरूनच पेटवावी. अगदी थोडी गरज असेल, तर ज्वाला चालू असतानाच मूठभर बारीक ढलप्या टाकाव्यात.

ज्वाला विझल्यावर धगधगणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून अशी शेगडी उबेसाठी बंद खोलीत ठेवणे प्राणघातक ठरू शकते.

शाळा व पंचायतींचे कार्य

शिक्षकांना हा विषय प्रयोगाने शिकविता येईल. उघड्यावर, एकाच चुलीवर आणि एकाच भांड्यात २ लिटर पाणी दोनदा उकळावे. एकदा लाकडे कोंबून, एकदा वरील रीतीने. प्रत्येक वेळी लागलेला वेळ, खर्ची पडलेल्या सरपणाचे वजन आणि भांड्याच्या बुडाची काजळी यांची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. जेथे शालेय पोषण आहार अद्याप चुलीवर शिजतो, तेथे पावसाळ्यापूर्वी सरपण कोरडे ठेवण्यासाठी छप्पर उभारणे पंचायतीच्या आवाक्यातील काम आहे. स्वयंपाकघरात खिडकी वा धुराडे आहे की नाही, आणि धुराडे असल्यास ते साफ होते की नाही, हेही सदस्यांनी पाहावे.

योग्य रीतीने चालविलेली चूलसुद्धा गॅसइतकी निर्धूर होत नाही, हे विसरून चालणार नाही. स्वच्छ इंधन घरोघरी पोहोचविणे हेच अंतिम उद्दिष्ट होय. पण ते साध्य होईपर्यंत, कोणताही खर्च न करता आजच अंगीकारता येईल अशी ही सुधारणा आहे. तिची माहिती केवळ गृहिणींनाच नव्हे, तर सरपण आणणाऱ्या व फोडणाऱ्या घरातील प्रत्येकाला करून दिली, तर तिचा लाभ लवकर दिसून येईल.