पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

(यशाच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. अडचणीत आलेल्या उद्योगांकडूनही पुष्कळ शिकता येते. आपल्याच जिल्ह्यातील दोन उदाहरणांवरून छोट्या व्यावसायिकांनी काय बोध घ्यावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या अब्बांचे शहागंजमध्ये कापडाचे दुकान असेल. कोणाचे मामू गॅरेज चालवत असतील. कोणाची अम्मी घरी शिवणकाम करत असेल. उद्या तुम्हीही एखादा धंदा सुरू कराल. “आमच्या एवढ्याशा दुकानाला मोठ्या कंपनीची गोष्ट काय कामाची?” असे तुम्हाला वाटेल. पण धंदा लहान असो की मोठा, हिशेबाचे नियम दोघांनाही सारखेच असतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) पैठणकडे जाताना चितेगाव लागते. तेथे व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा भारतात रंगीत दूरदर्शन आले. घरोघरी रंगीत टीव्हीची हौस निर्माण झाली. धूत कुटुंबाच्या या कंपनीने ती गरज ओळखली. टीव्हीमागून धुलाई यंत्रे आणि फ्रिज आले. कंपनीचे नाव देशभर पोचले.

मग चूक कोठे झाली? २००५ मध्ये कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पिक्चर ट्यूब म्हणजे जुन्या जाड टीव्हीतील काचेची मोठी नळी. पण त्याच सुमारास सपाट पडद्याचे टीव्ही बाजारात येत होते. ट्यूबची मागणी झपाट्याने कमी झाली. येथे पहिला धडा मिळतो : ज्या मालाचे दिवस संपत आले आहेत, तो स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.

कंपनी तेल, वायू आणि मोबाइल सेवा अशा अगदी वेगळ्या धंद्यांतही उतरली. २००८ मध्ये तिला मोबाइल सेवेचे परवाने मिळाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील १२२ परवाने रद्द केले. त्यांत हिचेही परवाने होते. इकडे कर्ज वाढतच गेले. २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. समूहातील १३ कंपन्यांचे मान्य झालेले देणे ६० हजार कोटी रुपयांहून अधिक होते. जून २०२१ मध्ये त्या घेण्यासाठी मंजूर झालेला प्रस्ताव मात्र सुमारे २,९६२ कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांच्या देण्यामागे पाच रुपयेही नाहीत! जानेवारी २०२२ मध्ये ती मंजुरीही रद्द झाली.

दुसरा धंदा करणे वाईट नाही. पण तो कोणाच्या पैशावर करतो, हे पाहावे लागते. एक हिशेब करू. समजा, एका दुकानाचा महिन्याचा नफा २०,००० रुपये आहे. घरखर्च १२,००० रुपये. उरले ८,०००. मालकाने दुसरे दुकान काढण्यासाठी कर्ज घेतले. त्याचा हप्ता ७,००० रुपये. सारे ठीक वाटते. पण बाजार मंदावला आणि पहिल्या दुकानाचा नफा १५,००० वर आला. नव्या दुकानाची कमाई अजून सुरू झालेली नाही. घरखर्च वजा जाता ३,०००च उरतात. हप्त्याला ४,००० कमी पडतात. मग तो हप्ता फेडण्यासाठी नवे कर्ज घेतले जाते. म्हणून दुसरा धडा : मंदीच्या महिन्यातही फेडता येईल एवढाच हप्ता घ्यावा.

मोठा कारखाना बसतो, तेव्हा मालकाबरोबर कामगारांच्या चुलीवरही संकट येते. त्याला सुटे भाग पुरवणारे, त्याच्या फाटकासमोर चहा विकणारे, सगळेच अडचणीत येतात. म्हणून तिसरा धडा : एकाच गिऱ्हाइकावर सगळा धंदा उभा करू नये.

आता वाळूजकडे वळू. येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. एके काळी बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे लोकांना कमी पेट्रोलमध्ये जास्त धावणाऱ्या मोटारसायकली आवडू लागल्या. स्कूटरचा खप घसरला. बजाजलाही ठेच लागली, पण ती सावरली. २००१ मध्ये तिने पल्सर ही मोटारसायकल आणली. काही वर्षांनी स्कूटर बनवणे थांबवले. २०२० मध्ये ‘चेतक’ हे जुने नाव विजेवर चालणाऱ्या नव्या स्कूटरला देऊन बाजारात आणले. चौथा धडा असा : नाव जपावे, पण माल गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बदलावा.

मित्रांनो, घरच्या दुकानाची वही आज उघडून पाहा. कोणता माल वर्षभर फळीवर पडून आहे? उधारी किती थकली आहे? हप्ता कोणत्या पैशातून जातो? हे प्रश्न वेळेवर विचारायला मोठे भांडवल लागत नाही. वेळेवर न विचारल्यास मोठे भांडवलही पुरत नाही.

शब्दार्थ
बोध – शिकवण
खप – विक्री
दिवाळखोरी – कर्ज फेडता न येण्याची स्थिती
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा
ठेच लागणे – नुकसान होणे, अडखळणे
सावरणे – पडता पडता स्वतःला सांभाळणे

स्वाध्याय
१. पिक्चर ट्यूबची मागणी का कमी झाली?
२. पाठातील दुकानदाराला किती रुपयांपर्यंतचा हप्ता झेपला असता? हिशेब करून लिहा.
३. व्हिडिओकॉन आणि बजाज यांच्या वागण्यातील फरक चार-पाच वाक्यांत सांगा.
४. उपक्रम : तुमच्या मोहल्ल्यातील एका जुन्या दुकानदाराला विचारा, “तुम्ही कोणता माल विकणे बंद केले आणि का?” उत्तर मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.