मोर्चा समाजाचा, खटला एकट्याचा

चळवळीचा इतिहास लिहिताना मोर्चा किती मोठा होता, सभेला कोण कोण आले, निवेदन कोणाला दिले, हे आपण आवर्जून लिहितो. मोर्चा संपल्यावर ज्यांच्यावर फौजदारी खटले भरले गेले, त्यांचे आणि त्यांच्या घरादाराचे पुढे काय झाले, हे मात्र आपल्या स्मरणिकांतून क्वचितच छापून येते. समाजबांधव आणि विशेषतः विद्यार्थी यांच्यासाठी आम्ही यंदा हाच विषय अभ्यासाला घेत आहोत.

न्यायालयाची पायरी आपल्या चळवळीला पहिल्यापासून चढावी लागली आहे. महाडच्या चवदार तळ्याबाबत डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेल्या दाव्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयाकडून मार्च १९३७ मध्ये लागला. तो दिवाणी दावा होता आणि प्रतिवादींमध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वतः बॅरिस्टर होते. तरीही नऊ वर्षांवर काळ गेला. मग ज्याला समन्सवरचा मजकूरही नीट वाचता येत नाही अशा कार्यकर्त्याची गत काय होत असेल? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्यातल्या भीमसैनिकांनाही लाठ्या आणि अटक चुकली नाही. नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. या साडेपंधरा वर्षांत ऐन विशीतली मुले पस्तिशीला पोहोचली.

आपल्या वऱ्हाडात खैरलांजीची आठवण ताजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. नोव्हेंबरमध्ये विदर्भभर लोक रस्त्यावर उतरले. १४ नोव्हेंबरला अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मृत्युमुखी पडला. जो गेला त्याला आपण अभिवादन करतो, ते योग्यच आहे. पण अशा प्रत्येक आंदोलनानंतर बेकायदेशीर जमाव, दंगल, सरकारी कामात अडथळा या कलमांखाली जी नावे नोंदवली जातात, ती माणसे जिवंत असल्यामुळेच जणू विस्मरणात जातात.

येथे कायद्याची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घेतली पाहिजे. शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमाने दिलेला आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना कायदेभंगाचे मार्ग सोडून द्यावेत असे बजावले होते, म्हणून आता मोर्चाच नको असे काही जण म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. शांततामय मोर्चा हा कायदेभंग नव्हे. मात्र जमावातील एकाने दगड उचलला आणि तो जमावाच्या समान उद्देशासाठी उचलला असे ठरले, तर उरलेल्या सर्वांवर तेच कलम लागू शकते. पूर्वी हे भारतीय दंडविधानाचे १४९ वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १९० वे आहे.

खरी शिक्षा निकालात नसते. ती तारखांत असते. कौंडण्यपूरसारख्या वर्धा नदीकाठच्या गावातून तारखेला जायचे म्हणजे सकाळची एस.टी. धरून तिवसा नाही तर अमरावती गाठायची. साक्षीदार आला नाही की पुढची तारीख घेऊन परतायचे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मजुरी बुडते, वर भाडे लागते. एखादी तारीख चुकली की वॉरंट निघते. जामीनदार आणावा तर त्याच्याकडे सातबारा मागतात, आणि आपल्या वस्तीत सातबारा किती जणांकडे आहे? (जमिनीसाठी लढलेल्यांच्या नातवंडांना जामिनासाठी जमीनवाल्याच्या दारी जावे लागावे, यासारखी विटंबना नाही.) मुलगा आत असेल तर आई आणि बायको यांच्या पोलीस ठाण्यात व वकिलाकडे खेपा सुरू होतात. त्यांचे नाव कोणत्याच आरोपपत्रात नसते. मुलीकडचे लोक सोयरीक मोडतात. शेजारीही हळूहळू बोलणे कमी करतात.

निर्दोष सुटल्याने हे भरून निघते का? 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्धा रेल्वे स्थानकावर अटक झाली. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तोवर सुमारे चाळीस महिने तुरुंगात गेले होते. जून २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षे उलटूनही आरोप निश्चित झालेले नव्हते. त्यांची मते कोणाला पटोत वा न पटोत, ही वर्षे परत देणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडून होता. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे भगवंतांनी विचारले, तेव्हा मी इतर भिक्खूंच्या उपयोगाचा नाही, असे त्याने सांगितले. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, मग संघाला बोलावून खडसावले. खटल्यात अडकलेला कार्यकर्ताही पुढच्या मोर्चाच्या उपयोगाचा राहत नाही. आपण त्याच्याशी कसे वागतो, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीपुरते आठवून पाहावे.

आता करण्यासारखे काय, ते सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हा लाभ आहे. अर्ज जिल्हा किंवा तालुका समितीकडे करावा.

नोकरीच्या अर्जात खटल्याचा रकाना असतो. भीतीपोटी मुले तेथे 'नाही' लिहितात आणि चारित्र्य पडताळणीत अडकतात. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात म्हटले आहे की, तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणातली माहिती लपवली गेली असली तरी नियुक्ती अधिकारी आपल्या विवेकाने तिकडे दुर्लक्ष करू शकतो. पण तो त्याचा विवेक आहे, उमेदवाराचा हक्क नव्हे. म्हणून खरे तेच लिहावे. परदेशी शिष्यवृत्ती मिळालेल्यांनी पासपोर्टसाठी न्यायालयाची परवानगी आधीच मागावी. खटला प्रलंबित असताना तिच्याशिवाय पासपोर्ट अडतो.

शासन कधीकधी आंदोलनांतील खटले मागे घेते. भीमा कोरेगाव प्रकरणानंतरच्या ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतल्याचे गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले होते. परंतु शासनाने जाहीर केले म्हणजे खटला संपला, असे नाही. सरकारी वकिलाने अर्ज द्यावा लागतो व न्यायालयाने संमती द्यावी लागते. तोवर तारखा चालूच राहतात आणि जुने वॉरंटही जिवंत असते. वर्तमानपत्रातली बातमी वाचून तारखेला जाणे सोडू नये.

संस्थेने एक नोंदवही घालावी अशी आमची सूचना आहे. तीत गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक, न्यायालय, वकिलाचे नाव आणि पुढची तारीख एवढे लिहावे, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार तेही. खटला निकाली निघाला की आदेशाची प्रमाणित प्रत काढून एक संस्थेत व एक घरी ठेवावी, कारण पोलीस ठाण्याच्या जुन्या नोंदीत गुन्हा पुढेही दिसत राहतो आणि पडताळणीच्या वेळी तोच कागद दाखवावा लागतो.