दोन दातांच्या सांध्यातील कीड



आरशासमोर उभे राहून, तोंड मोठे उघडून, दाढांच्या माथ्यावरील खळग्यांत काळे ठिपके शोधणारा आणि ते न आढळल्यास आपले दात निर्दोष आहेत असा परस्पर फैसला करून मोकळा होणारा गृहस्थ मला दवाखान्यात वारंवार भेटतो. त्या बिचाऱ्यास हे ठाऊक नसते की, कीड पुष्कळदा दोन दात परस्परांस जेथे टेकतात त्या जागेच्या किंचित खाली, ब्रशाचे केस पोचत नाहीत, जिभेस सुगावा लागत नाही आणि आमचा आरसा व सुई यांचीही गती कुंठित होते अशा आडोशास, वर्षानुवर्षे निःशब्दपणे आपले काम करीत असते.

या आडोशाचा ठाव घेण्यासाठी हॉवर्ड रेपर या अमेरिकन दंतवैद्याने १९२५ साली जी क्ष-किरण पद्धत प्रचारात आणली, तिला ‘बाइटविंग’ म्हणतात. फिल्मला जोडलेली पट्टी रुग्णाने दातांत धरली की वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात उमटतात व सांध्यातील कीड काळसर छायेच्या रूपाने प्रकट होते. मात्र त्या छायेच्या साक्षीस मर्यादा आहे. क्षार किती खोलवर झिजले एवढे ती अंदाजाने सांगते. वरचा पृष्ठभाग फुटून खड्डा पडला आहे किंवा नाही, हे ती निश्चयाने सांगत नाही. आणि उपचाराचा सारा निवाडा तर याच एका मुद्द्यावर अवलंबून असतो! पृष्ठभाग अभंग असेल तर लाळेतील क्षार व फ्लोराइड यांच्या साहाय्याने कीड जागच्या जागी थबकू शकते. खड्डा पडला असेल तर त्यात जंतूंचे ठाणे बसते, ते साफ करणे रुग्णाच्या हाती राहत नाही, आणि मग दात कोरून भरणेच बहुधा प्राप्त होते. छाया संदिग्ध असल्यास दोन दातांत रबराचे लहानसे कडे दोन-तीन दिवस बसवून फट किंचित रुंद करता येते व आत प्रत्यक्ष पाहता येते. उपाय जुना, स्वस्त आणि थोडासा त्रासदायक आहे. पण निरोगी दात विनाकारण कोरला जाण्यापेक्षा तो त्रास परवडला.

आता ज्या संशोधनाविषयी पुष्कळ वाचक विचारणा करतात त्याकडे वळतो. जर्मनीतील पारिस व मायर-ल्यूकेल या दंतशास्त्रज्ञांनी अशी युक्ती योजिली की, अभंग पृष्ठभागावर पंधरा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे जेल दोन मिनिटे लावून वरचा क्षारयुक्त थर झिजवावा, अल्कोहोलने तो भाग कोरडा करावा आणि मग अत्यंत पातळ राळ आतील सच्छिद्र भागात मुरवून प्रकाशाने घट्ट करावी. यात यंत्राने कोरणे नाही, सुई टोचून बधिर करणेही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत बावीस तरुण रुग्णांच्या तोंडांतील कीडग्रस्त जागांच्या जोड्या घेऊन एकीत राळ मुरविली व दुसरीत उपचाराचा केवळ देखावा केला. अठरा महिन्यांनंतर राळ मुरविलेल्यांपैकी सात टक्के जागांत, तर नुसत्या देखाव्याच्या सदतीस टक्के जागांत कीड पुढे सरकली होती.

हे आकडे पाहून कोणीही प्रभावित होईल, मीही झालो. परंतु चाचणी लहान होती आणि पद्धतीचे जनकच तिचे परीक्षक होते, ही गोष्ट विचारात घेतली पाहिजे. शिवाय त्याच आकड्यांची दुसरी बाजू माझ्या मते अधिक बोलकी आहे: राळ न मुरविलेल्यांपैकी सुमारे त्रेसष्ट टक्के जागा दीड वर्ष आहेत तशाच राहिल्या! दातांच्या निगेचा उपदेश दोन्ही बाजूंस समान मिळाला होता, हे येथे ध्यानी घ्यावे. म्हणून छाया दिसताच ‘आजच भरून टाका’ अशी घाई करणाऱ्या रुग्णास मी ‘मुदत द्या’ असे सांगतो. मुदत म्हणजे मात्र दुर्लक्ष नव्हे.

त्या मुदतीत काय करावे? सुमारे १००० पीपीएम फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत, फेस थुंकावा, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नये. चहा-बिस्किटांच्या फेऱ्या कमी कराव्यात, कारण साखरेच्या एकूण वजनापेक्षा ती किती वेळा खाल्ली जाते यास अधिक महत्त्व आहे. फटीतून फिरवण्याच्या दोऱ्याबद्दल, म्हणजे फ्लॉसबद्दल, पुरावा काहीसा लंगडा आहे. मुलांच्या दातांत शाळेच्या दिवशी रोज दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने दोरा फिरविला तेव्हा कीड कमी झाली, मुलांनी स्वतः फिरविला तेव्हा तसा लाभ दिसला नाही. हिरड्यांसाठी तो वापरावाच. फक्त त्याच्या भरवशावर मिठाई सुरू ठेवू नये. सुपारीचा तुकडा एकाच फटीत वारंवार अडकू लागला, किंवा दोरा तेथे फाटू लागला, तर मात्र मुदत संपली असे समजून दंतवैद्याकडे जावे.

ज्यांनी राळ मुरवून घेतली आहे त्यांस एक सूचना. ती राळ क्ष-किरणांत दिसत नाही. छाया पूर्वीसारखीच काळी राहते. उद्या बदलीच्या गावी एखादा नवा दंतवैद्य तीच छाया पाहून यंत्र उचलील. तेव्हा कोणत्या दातावर, कोणत्या तारखेस, काय केले याची लेखी नोंद आणि जुन्या क्ष-किरण चित्राची प्रत आपल्या दप्तरात जपून ठेवावी व नव्या वैद्यास ती प्रथम दाखवावी.