भाषण लिहून देऊ नका

पालकहो, १ ऑगस्ट जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो : "टिळकांवरचं छोटंसं भाषण आहे का कुणाकडे? उद्याच द्यायचंय." कुणीतरी लगेच पीडीएफ टाकतं, दहाजण अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच शाळेत शेंगांची टरफलं चार-चारदा सांडतात. त्याच दिवशी अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. तिथेही तोच प्रकार. लहान वर्गांचं मी समजू शकते. स्टेजची भीती मोडायला पाठ केलेली चार वाक्यं पुरतात. पण सहावी-सातवीपासून विषय बदलतात. 'पाणी वाचवा', 'प्लास्टिक नको', 'मोबाईल : शाप की वरदान'. इथे माहिती सांगून भागत नाही, समोरच्याला पटवावं लागतं. पटवायला आधी स्वतःला पटलेलं असावं लागतं, आणि नेमकं तेच पीडीएफमधून येत नाही.

'पाणी वाचवा' हाच विषय घेऊ. बहुतेक भाषणं 'पाणी म्हणजे जीवन' म्हणत सुरू होतात. याला सभागृहात नाही कोण म्हणणार? जे सगळ्यांना आधीच मान्य आहे, त्यावर मूल पाच मिनिटं घसा कोरडा करतं आणि ऐकणारे जांभया देतात. म्हणून लेखणी हातात घेण्याआधी मुलीला एवढंच विचारा : तुझं भाषण ऐकून नेमकं कोणी, काय करायचं? "सगळ्यांनी पाणी वाचवायचं" असं उत्तर आलं तर सोडू नका. शाळेतला कुठला नळ गळतो? मधल्या सुट्टीत त्याच्याखाली एक लिटरची बाटली धर आणि घड्याळ बघ. समजा, बाटली १० मिनिटांत भरली. म्हणजे तासाला ६ लिटर, दिवसाला १४४. टाकीत पाणी असेल तर रविवारीही तेवढंच. आता नळाचा वायसर केवढ्याला मिळतो, ते कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात तिला स्वतः विचारून येऊ द्या. एवढं करून आलेली मुलगी स्टेजवर उभी राहिली की तिला हावभाव शिकवावे लागत नाहीत.

ऐकणारे कोण, यावर भाषण बदलतं. वर्गातल्या मुलांपुढे बोलायचं असेल तर मागणी वेगळी : पाणी पिऊन झालं की नळ घट्ट बंद करा. मुख्याध्यापकांपुढे बोलायचं असेल तर वायसर. दोन्ही एकाच भाषणात कोंबलं की एकही धड पोचत नाही.

मग विरोधकाची बाजू. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट सांगत, आणि मगच त्याचं खंडन करत. सातवीच्या मुलीलाही ते जमतं. "सर म्हणतील, शिपाईकाकांना सांगितलंय. काका म्हणतील, प्लंबर येत नाही." हे तिनेच आधी बोलून दाखवलं की ऐकणाऱ्याचा अर्धा आक्षेप गळून पडतो. मोबाईलच्या विषयावर तर हे हवंच. मोबाईलचा एकही फायदा न सांगता त्याला शिव्या घालणाऱ्या मुलावर वर्गातला कोण विश्वास ठेवील?

पटवणं म्हणजे काय, हे बघायचं तर गाडगेबाबांकडे बघावं. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं. तोवर गावाने त्यांना झाडताना पाहिलेलं असायचं. कीर्तनातही उपदेशापेक्षा प्रश्न जास्त. कर्ज, दारू, देवापुढे कापलेलं बकरं यांवर ते साध्या वऱ्हाडीत विचारत जायचे, लोक एका आवाजात उत्तर देत जायचे, आणि शेवटी जी गोष्ट पटायची ती लोकांच्या स्वतःच्याच तोंडून निघालेली असायची. मुलांना हे जरूर सांगा. भाषणात एखादा खरा प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड, मोठमोठ्या वक्त्यांनाही.

बोलण्याच्या तयारीविषयी फार सांगण्यासारखं नाही. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा. चार मिनिटांचं भाषण साडेचारशे शब्दांच्या पलीकडे नेऊ नका. पाठांतर फक्त पहिल्या आणि शेवटच्या वाक्याचं. मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, एकेका शब्दात. शब्द न् शब्द पाठ केलेल्या मुलाचा एक धागा सुटला की सगळं भाषण उसवतं. मुद्दे माहीत असलेलं मूल कागदाकडे बघतं आणि पुढे बोलू लागतं. आरशासमोर सराव मला पटत नाही, कारण आरसा कधी कंटाळत नाही. आजीला आतल्या खोलीत बसवा आणि ऐकू येतंय का ते विचारा. धाकट्या भावाला मध्येच "पण का?" म्हणायला सांगा.

आता थोडं अप्रिय. घरी एकाही वादात जे मूल कधी जिंकत नाही, ते स्टेजवर कुणाला काय पटवणार? रात्री झोपायची वेळ, क्लास बदलणं, सुट्टीत कुठे जायचं, यांवर त्याने कारणं देऊन बोलावं आणि कारणं खरी असतील तर तुम्ही हरावं. "उलट बोलू नकोस" हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येतं, तिथे वक्तृत्वाचा क्लास लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

बक्षिसाचं म्हणाल तर खात्री देता येत नाही. परीक्षकांच्या कागदावर पाठांतराला आणि हावभावालाही गुण असतात, आणि आईने लिहून दिलेलं अलंकारिक भाषण कधीकधी पहिलं येतं. येऊ द्या.

आणखी एक. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. लेकीचं भाषण ऐकून तुम्हाला खरंच पटलं असेल, तर समितीच्या पुढच्या बैठकीत त्या नळाचा विषय घ्यायला लावा, आणि काय ठरलं ते घरी आल्यावर तिला सांगा.