एक टीबीत किती दिवसांचं रेकॉर्डिंग? आधी आठने भागा, मग कोटेशन द्या



मागच्या व्हिडिओत आपण सीसीटीव्हीच्या कामाचं कोटेशन कसं बनवायचं ते पाहिलं. आज त्यातलाच एक छोटा हिशोब बघू. हा हिशोब न केल्यामुळे मी एक चांगलं गिऱ्हाईक गमावलंय.

दुकान नवीन होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात चार कॅमेरे आणि १ टीबीची हार्ड डिस्क बसवली. मालक म्हणाले, "भाऊ, महिनाभराचं राहीन ना?" मी म्हटलं, "काका, एक टीबी म्हणजे लय झाली!" पुढे स्टॉक मोजताना बियाण्याच्या बॅगा कमी भरल्या. वीस दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग शोधायला बसलो, तर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढलेलं. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमच्या भरवशावर होतो." पुढचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं.

मशीन बरोबर होतं, चुकलो मी. आता हिशोब बघा.

पायरी १: बिटचे बाइट करा. कॅमेऱ्याचा बिट रेट बिटमध्ये असतो, हार्ड डिस्क मात्र बाइटमध्ये विकली जाते. इंग्रजी लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. ८ बिट = १ बाइट. समजा बिट रेट २ मेगाबिट प्रति सेकंद आहे. २ ÷ ८ = ०.२५ एमबी, दर सेकंदाला.

पायरी २: दिवसाचे करा. एका दिवसात ८६,४०० सेकंद. ०.२५ × ८६,४०० = २१,६०० एमबी, म्हणजे २१.६ जीबी. हा झाला एका कॅमेऱ्याचा रोजचा खुराक.

पायरी ३: कॅमेऱ्यांनी गुणा. २१.६ × ४ = ८६.४ जीबी रोज. १ टीबी म्हणजे १,००० जीबी. १,००० ÷ ८६.४ = साधारण साडेअकरा दिवस. आणि मी महिना सांगून बसलो होतो! ३० दिवसांना २,५९२ जीबी लागतात, म्हणजे तिथे ४ टीबीची डिस्क हवी होती.

आता नेहमीचा प्रश्न. "सर, डब्यावर १ टीबी लिहिलंय, पण कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. फसवणूक आहे का?" नाही. आपल्याकडे कापसाच्या व्यापारात रुईची खंडी साधारण ३५६ किलोची, आणि धान्याची जुनी खंडी वीस मणांची. शब्द एकच, माप वेगळं. इथेही तसंच आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत. बाइट तेवढेच असतात. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली १,०२४ वाल्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावंही दिली गेली, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. म्हणून गिऱ्हाइकाला हे डबा उघडायच्या आधीच सांगा. नंतर सांगितलं की ते बहाणा वाटतं.

आपला हिशोब मात्र सगळा हजारात करा. अर्धा हजारात आणि अर्धा १,०२४ मध्ये केला की आकडा चुकलाच समजा.

फक्त हालचाल असतानाच रेकॉर्डिंग ठेवलं तर दिवस वाढतात, पण किती ते दुकानातल्या गर्दीवर ठरतं. म्हणून शब्द देताना चोवीस तासांचाच हिशोब धरा, वर दहा टक्के जागा मोकळी ठेवा.

गृहपाठ: ६ कॅमेरे, बिट रेट ४ मेगाबिट, १५ दिवस. ४ टीबी पुरेल का? (उत्तर: ३,८८८ जीबी. कागदावर बसतं, पण मोकळी जागा उरत नाही. बिट रेट कमी करा किंवा मोठी डिस्क सुचवा.)

आणि आजपासून कोटेशनवर नुसतं "१ टीबी" लिहू नका. "अंदाजे ११ दिवसांचं रेकॉर्डिंग" असंही लिहा. गिऱ्हाईक डिस्क नाही, दिवस विकत घेतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण हिशोबाने!