आनेकलच्या अंगणातला तेरडा

१. पेरणीची तारीख पंचांगातून काढावी. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी. कोकणात बांधावर आपसूक उगवलेला तेरडा मुळासकट उपटून आणला की झालं. इथे बंगळूरजवळच्या आनेकलला तो पेरावा लागतो आणि फुलायला साधारण दोन महिने घेतो. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टची, २०२६ ची अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरची. पेरणीही तेवढीच पुढे ढकलायची, नाहीतर गौरी येईपर्यंत फुलं कमी आणि शेंगाच जास्त. शेजारच्या कन्नड घरची गौरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तृतीयेलाच बसते. आमची अनुराधा नक्षत्रावर येते. शेजारी फुलं द्यायची असतील तर थोडं बी आठवडाभर आधी टाकावं.

२. मे महिन्यातल्या वळवावर विसंबू नये. गेल्या साली सांडलेलं बी त्या पावसाने भराभर उगवतं. पण इथला जून-जुलै म्हणजे वारा आणि भुरभुर. खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मधल्या काळात पाणी आपणच घालायचं. मात्र तेरड्याचं खोड पाणीदार असतं, कडक उन्हात तो मान टाकतो आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतो. आधी माती चाचपावी. ओली असताना पाणी ओतलं तर खोड बुडाशी कुजतं.

३. बी खोल पुरू नये. लाल माती, थोडं शेणखत, वर चिमूटभर माती.

४. रोपवाटिकेतला भरगच्च डबल तेरडा मला मुळीच आवडत नाही. साध्या एकेरी फुलाच्या मागे बारीक नळी असते, मध तिच्यात. फूल आधी पराग देतं. परागकोशांची टोपी गळली की मग कुक्षी उघडी पडते. हे बघायला सकाळी चहाचा कप घेऊन वाफ्याशी बसावं.

५. कासच्या पठारावरून रोप उपटून आणू नये. तिथला तेरडा वेगळ्या जातीचा, कातळावरच्या पातळ मातीत आणि धुक्यात वाढणारा. शिवाय ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे.

६. गौरीसाठी रोपं उपटताना कडेची काही बियाण्याला राखावी. पिकलेली शेंग बोट लागताच फुटते, बी कुठच्या कुठे उडतं. फिकट, फुगलेली शेंग मुठीत धरूनच तोडावी आणि मूठ कागदी पिशवीत उघडावी.