पोटाचा सी.टी. स्कॅन : किरणे किती आणि विचारायचे काय?

पोटात असह्य दुखू लागले आणि डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन लिहून दिला, की घरात दोन मते पडतात. एक जण म्हणतो, "त्या किरणांनी कॅन्सर होतो, नकोच काढायला." दुसरा म्हणतो, "काढून टाका, एकदाच काय ते कळेल." भीतीपोटी गरजेचा स्कॅन टाळणे चुकीचे आहे आणि गरज नसताना तो पुन्हा पुन्हा काढणेही चुकीचे आहे. म्हणून थोडी माहिती करून घेऊ.

किरणे किती लागतात?

सी.टी. मशीनमध्ये एक्स-रेची नळी शरीराभोवती गोल फिरते. सगळ्या बाजूंनी घेतलेल्या मोजमापांवरून संगणक पोटाचे आडवे काप दाखवतो. साध्या एक्स-रेपेक्षा यात किरणे बरीच जास्त लागतात. ती 'मिलिसिव्हर्ट' या मापात मोजतात.

माती, खडक, आकाश आणि अन्न यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणे मिळतच असतात. छातीच्या एक्स-रेत ०.१ किंवा त्याहूनही कमी लागतात. पोट व ओटीपोटाच्या एका सी.टी. स्कॅनमध्ये साधारण ८, म्हणजे निसर्गातून तीन वर्षांत मिळतात तेवढी.

मग धोका किती? १० मिलिसिव्हर्टच्या स्कॅनमुळे साधारण २००० माणसांत एकाला पुढे जीवघेणा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा अंदाज आहे. हा धोका लहान आहे. अपेंडिक्स फुटणे, आतड्याला पीळ पडणे किंवा अपघातात आत रक्तस्राव होणे यांचा धोका मोठा आणि ताबडतोबीचा असतो. अशा वेळी स्कॅन टाळू नये.

स्कॅन संपला की किरणे बंद होतात, अंगात काही उरत नाही. घरी आल्यावर लेकराला जवळ घ्यायला हरकत नाही.

सगळे स्कॅन सारखे नसतात

हे फार थोड्यांना माहीत असते. एकाच मशीनवर, एकाच माणसाच्या पोटाचा स्कॅन कमी किरणांत होतो आणि दुप्पट-तिप्पट किरणांतही होतो.

पहिले कारण फेऱ्यांचे. काही वेळा आधी साधा स्कॅन, मग शिरेतून औषध देऊन दुसरा आणि काही मिनिटांनी तिसरा काढतात. प्रत्येक फेरीत किरणे नव्याने लागतात. औषधाआधी आणि औषधानंतर अशा दोन फेऱ्या झाल्या तर ८ चे सुमारे १५ होतात. यकृतातील गाठ ओळखायला अशा फेऱ्या खरोखर लागतात. अपेंडिक्सच्या संशयात मात्र बहुधा औषध देऊन काढलेली एकच फेरी पुरते.

दुसरे कारण किरणांच्या जोराचे. जोर कमी केला की किरणे कमी लागतात, पण चित्र दाणेदार येते. मुतखडा कठीण असतो, त्यामुळे दाणेदार चित्रातही तो पांढरा उठून दिसतो. म्हणून खड्यासाठी औषधाविना, 'लो डोस' पद्धतीचा एकच स्कॅन पुरतो आणि तो ३-४ मिलिसिव्हर्टच्या आत होतो. रुग्णाचे वजन फार असेल तर ही पद्धत कमी पडू शकते. खड्याचा त्रास पुन्हा पुन्हा होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. वर्षभरात दोन-तीन स्कॅन त्यांचेच होतात.

मुले आणि गरोदर स्त्रिया

मुलांच्या वाढत्या पेशींवर किरणांचा परिणाम जास्त होतो आणि त्यांचे पुढचे आयुष्यही मोठे असते. म्हणून मुलांचे पोट दुखत असेल तर आधी सोनोग्राफी करतात. तिच्यात एक्स-रे नसतात. सी.टी. लागलाच तर मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावले पाहिजे. पाळी चुकली असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर स्कॅनच्या आधीच सांगावे. इथे लाजू नये.

स्कॅनच्या आधी विचारा

१. हा स्कॅन कशासाठी? सोनोग्राफीने भागेल का?
२. किती फेऱ्या लागतील? सगळ्या गरजेच्या आहेत का?
३. खड्यासाठी असेल तर 'लो डोस' होईल का?
४. मशीनला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना आहे का? तो कायद्याने लागतो.

हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. संकोच करू नये.

आपल्या हातात काय?

करदोडा, पट्टा, पिना काढून ठेवा. धातूमुळे चित्रात रेघा येतात. तंत्रज्ञ झोपवतील तसेच, टेबलाच्या मधोमध झोपा. बाजूला सरकल्यास मशीनचा किरणांचा अंदाज चुकतो. हात डोक्यावर घ्यायला सांगतील, ते तसेच ठेवा. श्वास रोखायला सांगतील तेव्हा रोखा. हललात तर स्कॅन पुन्हा काढावा लागू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुने स्कॅन जपा. फिल्म, रिपोर्ट आणि सी.डी. तिन्ही मागून घ्या. पावसाळ्यात घर गळते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात "नवीन काढून आणा" म्हटले, तर आधी जुनी सी.डी. पुढे करा आणि "यावर भागेल का?" असे विचारा. भागले तर पैसेही वाचतील आणि किरणेही. आजार बदलला असेल, दुखणे वाढले असेल, तर मात्र नवीन स्कॅनला नाही म्हणू नका.